सर्वांत संथ पायरी

घणसोली गावात, तळ्याच्या वळणावर
माझं औषधांचं दुकान. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर,
कारण एका जुलैत पाणी आत शिरून
खालच्या दोन फळ्या धुऊन घेऊन गेलं होतं.

भाची मोनाली बीएस्सीला, दुसरं वर्ष, बायोकेमिस्ट्री.
संध्याकाळी गल्ल्यावर बसते, आणि गिऱ्हाईक नसलं
की बिलाच्या पाठीवर तोच तो आलेख काढते:
आधी ताठ चढणारा, मग वाकणारा,
शेवटी छताला डोकं लागल्यासारखा आडवा.
"एन्झाइमच्या अंगात एक खाच असते, आत्या.
रेणू येतो, बसतो, बदलून निघतो.
खाच जशीच्या तशी. पुढच्याला मोकळी."

मी म्हटलं, आपल्या काउंटरसारखं.
ती हसली. मला हसू आलं नाही.

गेल्या मार्गशीर्षात, गुरुवार होता,
पूजेची फळं घेऊन निघालेल्या बायकांनी दुकान भरलेलं.
एक मुलगी आली. शाळेचा ट्रॅकसूट, बाहीवर निळी पट्टी.
खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेली.
परत आली, चिकटपट्टी घेतली.
तिसऱ्यांदा तिसऱ्या पायरीवरच थांबली
आणि जाहिरातीतलं ते नाव
आवाज न करता नुसते ओठ हलवून सांगितलं.
मी मोठ्यानं विचारलं, "कुणासाठी?"

एवढंच. एक शब्द.
बाकड्यावर बीपी मोजायला बसलेल्या हिराजी मढवींनी
पेपर खाली केला.
ती म्हणाली, "तापाची गोळी द्या."
मी तापाची गोळी दिली. सुटे पैसेही मोजून दिले.

बहात्तर तासांचं गणित मला पाठ आहे.
जितका उशीर तितका गुण कमी.
उन्हाळ्यात ती वाशीला पालिकेच्या रुग्णालयात दिसली,
केसपेपरच्या रांगेत, आईच्या मागे,
ओढणी पुढून दोनदा गुंडाळलेली.
तिनं मला ओळखलं.
मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचू लागले.

मोनाली सांगते, कधीकधी खाचेत दुसराच येऊन बसतो.
दिसायला तसाच. करत काही नाही,
नुसती जागा अडवतो. त्याला निरोधक म्हणतात.
(आमच्या दुकानात निरोध म्हणजे नेमकं उलटं.
त्यावर दोघी खूप दिवसांनी हसलो.)
"मग करायचं काय?"
"एक तर रेणू इतके वाढवायचे की तो बाजूला पडेल.
नाहीतर त्यालाच उठवायचा."

रेणू कुठून वाढवू? त्या एकेकट्याच येतात.
मी बाकडं उठवलं.
गणपतीच्या आधीच्या रविवारी टेम्पोत घालून
समाजमंदिराला देऊन टाकलं. बीपीचं यंत्र पडद्यामागे.
"काय गो, बाकडा कुठं गेला?"
"वाळवी लागली होती, काका."

मग पाकिटं काउंटरच्या टोकाला, हाताला येतील अशी.
शेजारी पुठ्ठा, मोनालीच्या अक्षरात:
आरोग्य केंद्र, मंगळवार, दोन ते चार,
सिस्टर ओरडत नाहीत.
काकांना पुठ्ठा खटकला. यानं पोरी बिघडतील.
मोनालीनं बिलाच्या पाठीवर डोंगर काढला:
एन्झाइम फक्त चढण कमी करतं, काका,
कुठं पोचायचं ते ठरवत नाही.
काका म्हणाले, हा कुठला डोंगर, पारसिकचा?

उपमा लंगडीच आहे. रेणूला लाज नसते,
मोबाइल तपासणारा भाऊ नसतो,
दहावीचा पेपर नसतो सोमवारी.

काल साडेनऊला, शटर अर्धं खाली,
पायरीवर चपला वाजल्या. पहिली. दुसरी.
तिसरीवर थांबल्या.
मोनालीच्या वहीत लिहिलंय, सगळ्या साखळीचा वेग
सर्वांत संथ पायरी ठरवते.
मी मान वर केली नाही.
रोजमेळ लिहीत राहिले,
पेनातली शाई संपली होती तरी.