शेवटचा ठिपका

क्वुन तोंगमधल्या आमच्या इमारतीत, तळमजल्यावर,
टपालाच्या पेट्यांमागे एक खोली आहे.
दर शनिवारी चाक-हिनला तिथे सोडतो
आणि मिनीबस घ्यायला डेपोत न जाता
दाराच्या काचेला नाक लावून उभा राहतो.

शाळेच्या वहीत तीन वर्षं एकच शेरा: मन लागत नाही.
आमच्या भाषेत म्हणतात, मन वाटलं गेलंय.
किती जणांत, ते कुणी लिहीत नाही.

मुई बाईंनी पहिले दोन महिने लिहूच दिलं नाही.
नुसती शाई उगाळायची.
दगडावर चार थेंब पाणी, कांडी उभी, गोल गोल.
चाक-हिन उगाळायचा, ओठावर मिशी काढायचा,
शेजारच्या मुलीच्या बाहीवर पाच बोटं उमटवायचा,
पुन्हा उगाळायचा.
बाई रागवायच्या नाहीत. घड्याळही बघायच्या नाहीत.
बघायचो मी.
सात मिनिटं. चार. एकदा अकरा.

आज पहिलं अक्षर: मन.
एक ठिपका,
मग एक आकडी, मांजर आडवं पडावं तशी,
तिच्या कुशीत एक ठिपका, कुशीबाहेर एक.
कशाला काही चिकटलेलं नाही.
"जोडायला जाऊ नकोस," बाई म्हणाल्या,
"कुंचला कागदावरून उठला
तरी लिहिणं चालूच असतं."

तीन झाले. तेवढ्यात खिडकीबाहेर
एसीच्या पेटीवर कबूतर बसलं
आणि चाक-हिन गेला.
कुंचला टेबलाच्या कडेला, शाई फरशीवर.
माझा हात दाराच्या मुठीवर.
घशाशी तोच शब्द, जो दिवसभर
उतरणाऱ्या म्हाताऱ्यांवर ओरडतो: सांभाळून!
आमच्यात तोही मनाचाच शब्द. छोटं मन.

बाईंनी कुंचला उचलला,
शाईत बुडवून टोक नीट केलं
आणि हातात धरून बसून राहिल्या,
धावत येणाऱ्या प्रवाशासाठी दार उघडं ठेवावं तशा.
मी कधीच ठेवत नाही.

कबूतर उडालं. पोरगा आणखी थोडा वेळ
रिकाम्या पेटीकडे बघत होता.
मग आला, आणि न बसता, उभ्याउभ्याच
चौथा ठिपका टेकवला.
जरा लांबच पडला. चौकटीच्या रेघेवर.

कागद फ्रिजवर लावलाय.
त्याची आई मान तिरकी करून विचारते,
हा शेवटचा बाहेर निघालाय की आत येतोय?
मला सांगता येत नाही.
मी भात वाढतो.
त्याच्या हनुवटीवर अजून शाई आहे.