खांब चौदा

पडद्यावर शाळा डोलते.
वाकणं शंभरपट मोठं करून दाखवायची सोय आहे,
म्हणून खिडक्या तिरळ्या होतात, जिना कुशीवर वळतो,
आणि मी चहात पाव बुडवत बघत बसते.
खरी शाळा तिकडे लेबूला,
अजून नुसते खांब आणि फळ्या.
समुद्राकडून वाळू येते नि सळयांना चिकटते.

आमच्या चिलीत भूकंप म्हणवून घ्यायला
काहीतरी पडावं लागतं.
नुसता दिवा झुलला तर कुणी खुर्ची सोडत नाही.
मंगळवारी झुलला. मीही नाही सोडली.
त्याच मिनिटाला गणित पुरं झालं:
सगळं हिरवं, एकही तुळई लाल नाही.
मुलांचा भार मी घातला होता,
चौरस मीटरला अडीचशे किलो;
त्यात दप्तरं आली, मारामाऱ्या आल्या,
मागच्या बाकावर झोपणारा आला.
सॉफ्टवेअर नावं विचारत नाही.

गुरुवारी साइटवरून फोन.
नोल्बेर्तो कायुपी, सळया बांधणारा.
दातांत तार धरूनच बोलतो:
"बाई, चौदा नंबरच्या डोक्यावर
ही तुळई आहे की तुरुंगाचं दार?
माझी बोटं जात नाहीत आत.
काँक्रीट कुठून उतरणार?"

मी म्हटलं, प्रोग्रामने तेवढ्या मागितल्यात.
आणि माझ्याच कानाला ते
'वरून हुकूम आहे' असं ऐकू आलं.

रात्री तक्ता उघडला.
कुठल्या पायावर किती ओझं.
तेरा: एकोणीस टन. पंधरा: अठरा.
चौदा: एक टन, दोनशे ऐंशी किलो.
म्हणजे तो स्वतः. फक्त तो स्वतः.
लग्नात फेटा बांधून उभा असलेला मानकरी,
कुणी ताटही वाढायला सांगत नाही.

मग मी आत गेले. माउसचं चाक फिरवत,
आत, अजून आत.
तिथे रेघा जाड होत नाहीत,
नुसती जागा वाढत जाते दोघींमधली.
खांबाचं टोक. तुळईचं पोट.
दोन मिलिमीटर.

यंत्र खोटं बोललं नव्हतं.
मीच सांगितलं होतं, इथे कुणाचा कुणाला आधार नाही.
त्याने मुकाट ऐकलं,
तुळई दुप्पट लांब धरली,
दुप्पट लोखंड मागितलं,
आणि वर हिरवा रंग फासून दिला.
वाद घालायला त्याला बोटं नव्हती.

सांधा जुळवला. पुन्हा चालवलं.
चौदा: एकोणीस टन, तीनशे.
का कोण जाणे, मी उठून उभी राहिले.

सकाळी नोल्बेर्तोला सांगितलं:
निम्म्या सळया काढा.
पलीकडे वारा. तार थुंकल्याचा आवाज.
"तीन दिवस बांधत होतो," तो म्हणाला.

तेव्हा मला आठवलं,
त्याला मजुरी किलोवर मिळते.
जितकं लोखंड, तितके पेसो.
फोन केला नसता तर
त्याचा महिना बरा गेला असता,
आणि माझं सगळं हिरवंच होतं.

मी विचारलं, मग सांगितलंत कशाला?

"सांगितलं ना," तो वैतागून म्हणाला,
"बोटं जात नव्हती."