तात्पर्यासाठी सोडलेली जागा

गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या भिंतीला लागून
आमची शाळा. खिडकी उघडली की
कांद्याची टरफलं उडत आत येतात,
पाढ्यांच्या तक्त्यावर चिकटून बसतात.
पाचवी ब. पट एकेचाळीस.
त्या दिवशी हजर तेहेतीस.

बावीस वर्षं, गोष्ट सांगून झाली की
मी फळ्यावर लाल खडूनं लिहीत आले : तात्पर्य.
पुढे दोन टिंबं, खाली रेघ.
मुलं रेघेची वाट बघायची.
गोष्ट चालू असताना पेन्सिलीला टोक काढून घ्यायची,
कारण परीक्षेत गोष्ट येत नाही,
रेघेवरचं येतं.

त्या दिवशी लाल खडू संपला होता
आणि कपाटाची किल्ली भोईटे सरांच्या खिशात,
सर मतदारयाद्यांच्या कामाला.
म्हणजे फार विचार करून नव्हे,
किल्ली नव्हती म्हणून म्हटलं,
आज तात्पर्य तुम्हीच सांगा.

गोष्ट साधीच होती.
व्यापाऱ्याची थैली वाटेत पडली, हमालाला सापडली.
पाठीवरचं पोतं न उतरवता
तो चार कोस उलटा चालत गेला, थैली परत केली.
व्यापाऱ्यानं खूश होऊन
एक नाणं बक्षीस दिलं.

आधी कुणीच बोलेना. पंखा तेवढा कुरकुरत होता.
मग समृद्धी खिलारे : एकच?
अल्फिया : थैलीत किती होती, ते तुम्ही सांगितलंच नाही.
(खरंच. मलाही माहीत नव्हतं.)
मागच्या बाकावरून कुणीतरी :
आणि पोतं कुणाचं होतं?
ते उशिरा पोचलं असणार, त्याची वाराई बुडाली असणार.
वर्ग हसला. मीही हसले.
यांच्या घरी वाराईचा हिशेब
वरणभाताबरोबर वाढतात.

तेवढ्यात आदेश पाटोळे उभा राहिला,
जो हजेरीलाही नुसता हात वर करतो.
"बाई, त्या व्यापाऱ्यानं पैसे मोजले का?
त्याच्यासमोर?"

मी डस्टर उचललं. पुसायला काही नव्हतं.

गेल्या डिसेंबरात कात्रजच्या सहलीचे पैसे
पाकिटासकट माझ्या पर्समधून जिन्यात पडले.
दोन हजार तीनशे चाळीस.
पाकीट आणून देणारा हाच.
मी तिथेच, दारात, मोजले.
मग दहाच्या नोटा पुन्हा एकदा,
कारण त्या चिकटलेल्या असतात.
तो उभा होता, एका पायानं
दुसऱ्या पायाची पोटरी खाजवत.
बरोबर आहेत, म्हणाले मी. शाब्बासही म्हणाले.
प्रार्थनेच्या वेळी त्याचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या.
सगळं रीतसर.

त्याला तेच म्हणायचं होतं का,
की त्याला फक्त गोष्टीतलंच विचारायचं होतं,
हे मला आजही सांगता येत नाही.
तो माझ्याकडे बघत नव्हता.
खिडकीबाहेर एक टेम्पो मागे येत होता
आणि त्याचं सगळं लक्ष
तो भिंतीला लागतोय का याकडे.

संध्याकाळी स्वारगेटला दोन बस सोडल्या.
टाचणात अध्ययन निष्पत्तीच्या रकान्यात
काय लिहावं सुचेना, तो कोरा राहिला.
पुढच्या आठवड्यात केंद्रप्रमुखांनी
त्याभोवती पेन्सिलीनं गोल केला,
"राहिलंय का?" म्हणाले.
राहिलंय, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, डबे उघडायच्या आधी,
त्याला हळूच विचारलं,
आदेश, मग व्यापाऱ्यानं काय करायला हवं होतं?
नको होते मोजायला?

त्यानं खांदे उडवले.
"मोजू दे की, बाई. पैशे त्याचेच होते."
मग, खिचडीच्या रांगेत सरकता सरकता :
"पण आधी त्याला बस म्हणायचं ना.
पोतं तरी उतरव म्हणायचं."