चुना किती लागेल

पहाटेचे तीन. जूनमध्ये इथे रात्र म्हणावी असं काही नसतं,
डोंगरांवर नुसती राखाडी साय धरते.
मी इंजिन बंद करते, उरलेलं अंतर वल्ह्यानं.
पिशव्यांपाशी यॉरुनला लाट चालत नाही.

नऊ पिशव्या.
घराएवढ्या उंच, पण खालच्या दिशेनं,
पाण्यात लोंबणाऱ्या.
आत हाच फियोर्ड, कोंडलेला.
तीन पिशव्यांत आजची हवा मुरवलेली,
तीन पिशव्यांत माझ्या नातीच्या म्हातारपणाची
(यॉरुन असंच म्हणते, आकडा मागितला तर विषय बदलते),
आणि शेवटच्या तिनांत तीच म्हातारपणाची हवा,
फक्त वरून काळी जाळी. ऊन अर्धं.

आत राहते तिला मी कधी पाहिलं नव्हतं.
एक पेशी. सुईच्या टोकावर गाव वसेल इतकी बारीक.
अंगभर चुन्याच्या तबकड्या, कौलांसारख्या
एकीवर एक. स्वतःच्या पोटात घडवते,
मग बाहेर ढकलते, अंगावर चढवते.
कुणी शिकवलेलं नाही.
उजेड लागतो, आणि पाणी गोडीत असावं लागतं.

ती माजते त्या वर्षी अख्खा फियोर्ड
मोरचुदात दूध ओतल्यासारखा होतो.
पर्यटक फेरीच्या कठड्यावर ओणवे होतात,
कप्तान भोंगा वाजवतो, कारण नसताना.

काल यॉरुननं पडद्यावर दाखवली.
पहिल्या पिशवीतली: लेस विणावी तशी नक्षी.
चौथीतली: तबकड्या आहेत,
पण कडा कुरतडलेल्या, एक अर्धवट,
एक वाकडी, घाईत थापलेल्या भाकरीसारखी.
आंबट पाण्यात घडवायला बळ जास्त लागतं, ती म्हणाली,
आणि चिलखत पातळ पडलं की
ज्या उन्हावर जगायचं तेच आत भाजत जातं.
मग जाळीखालच्या?
त्या होरपळत नाहीत. पण
अर्ध्या उजेडात चुनाही अर्धाच.

माझ्या बापाचं नाव तारये. दक्षिणेकडच्या डोंगरात
आमचं तळं होतं, आरशासारखं स्वच्छ,
इतकं स्वच्छ की आत काहीच जिवंत नव्हतं.
दुसऱ्यांच्या धुराड्यांचा पाऊस आमच्या माथी.
बाप गावाच्या होडीतून गोणी फोडायचा,
चुन्याची पूड, भुवया पांढऱ्या, खोकला हिवाळाभर.
मी नऊ वर्षांची, सुकाणूवर.
सातव्या वर्षी ट्राउट आला.
बापानं तो खाल्ला नाही. बघितला आणि सोडला.

म्हणून विचारलं, सहजच, दोर आवरताना:
इथे किती गोणी लागतील?
यॉरुन हसली. मग हसायची थांबली.
हातमोज्याच्या पाठीवर पेन्सिलीनं मांडू लागली,
फियोर्ड, मग बाहेरचा समुद्र, मग त्याच्या बाहेरचा.
मोजा संपला.
"जगानं समुद्राला चुना लावून झालाय, गुडवेग,
आता चुना घालायचा म्हणतेस?"

आमच्या वस्तीवरून ऊन नोव्हेंबरात डोंगराआड जातं,
फेब्रुवारीत परततं. त्या दिवशी शाळेला सुट्टी,
पिवळ्या गराचे पाव भाजतात,
म्हातारीकोतारी खुर्च्या बाहेर काढून
तोंड वर करून बसतात, डोळे मिटून.
उन्हाला घाबरायचं असतं हे मला
अठ्ठावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

चार वाजत आले. माथ्यावर पहिली तिरीप,
मग जाळीवर, मग उघड्या पिशव्यांवर.
यॉरुन नमुन्याच्या बाटल्या वर देते,
मी एकेक घेते. तळाशी काही नाही,
निदान मला दिसेल असं काही नाही.
"सावलीत ठेव," ती म्हणते.
होडीत सावली कुठली?
मी कोट काढते, बाटल्यांवर पसरते,
आणि कुडकुडत इंजिनाची दोरी ओढते.
पहिल्या ओढीला लागत नाही.