उरलेल्यांचा खण

शाल्मलीने पाठवल्यात चारशे बारा दीर्घिका,
कुलाब्याहून, एका फाईलमध्ये.
"मावशी, तुझा हात बसलाय वर्गवारीला,
बघ जमतं का."

एकतीस वर्षं पत्रं लावली मी खणांत.
धारावी, शीव, चेंबूर, ट्रॉम्बे,
बोटांना पिनकोड पाठ.
आता अँटॉप हिलच्या खोलीत, रात्री अकरानंतर,
करड्या पडद्यावर हे धुरकट डाग.

पहिला खण : मधे उजेड, टोकांकडे विझत गेलेल्या.
दुसरा : मधे जवळजवळ काहीच नाही,
आणि पार लांब, जिथे झोत जाऊन आदळतो,
तिथे दोन पेटलेले ठिपके.
तिसरा वाकलेल्यांचा.
तो मला कुणी शिकवायला नको.
माहुलच्या रिफायनरीची ज्योत दिसते गॅलरीतून,
खाडीचा वारा सुटला की अशीच आडवी पडते.

मधोमध कृष्णविवर असतं म्हणे.
मी विचारलं, सगळं गिळतं ना गं ते?
मग हे एवढं बाहेर कोण फेकतं?
"घशात जायच्या आधीचंच उडतं ते, मावशी."
म्हणजे आमच्या कँटीनसारखंच.

तीनशे सतराव्या चित्रात नुसता ठिपका.
ना झोत, ना टोकं.
मी शेरा मारला : वर्ग लागत नाही.

लगेच फोन.
"अगं, तीही तसलीच.
फक्त झोत नेमका आपल्यावर रोखलेला,
म्हणून लांबी दिसत नाही,
दिसतं ते नुसतं लखलखणं.
बाजूने बघणाऱ्यांनी तिला
वेगळं नाव दिलं असतं."

मला नाडगौडासाहेब आठवले.
त्यांचं टेबल माझ्या खणांच्या बरोबर समोर.
त्यांच्या डावीकडे बसणारी फिलोमिना
अजून म्हणते,
किती शांत होता गं तो माणूस.

पत्ता अपुरा. घर बंद. घेणारा मयत.
असे हजारो शेरे मारलेत मी.
हा उजेड टपालात पडला तेव्हा
घेणारा जन्मायचा होता,
मुंबई नव्हती,
समुद्र तरी होता की नाही कोण जाणे.
असा शेरा आमच्या वहीत नाही.

"टाक आता तिला तिच्या खणात," शाल्मली म्हणाली.
टाकते.
आधी तीनशे अठरापासूनच्या होऊ देत.

बाहेर वारा पडलाय.
ज्योत सरळ उभी आहे,
आणि तिच्या बरोबर वरून कुणी बघत असेल
तर त्याला काय दिसत असेल,
एवढंच बघत बसलेय.