सेकंदाचा साठावा भाग

दुकानाच्या पाटीवर लिहिलंय :
पासपोर्ट, आधार, लग्न, बारसं, मयत.
पाच शब्दांत माणूस उरकतो,
भाडंही त्यातूनच निघतं.

पण सकाळी मी जातो अशोक चौकाच्या पलीकडे.
नरसय्याच्या कारखान्यात
पूर्वेची एक काच फुटलेली आहे, सात-आठ वर्षं.
आठ दहाला तिथून ऊन आत येतं,
आठ बावीसला जातं.
हे मार्चचं. एप्रिलात गणित बदलतं,
ते वहीत आहे, उधारीच्या पानामागं.

ऊन तसं दिसत नाही.
दिसते ती कापसाची धूळ,
मागांच्या खडखडाटात सावकाश तरंगणारी.
एकदा मी म्हणालो, काय सुंदर आहे!
नरसय्या आधी खोकला, मग म्हणाला,
छातीत बी हाय की बे ते, काढ फोटो.
तेव्हापासून सुंदर हा शब्द
मी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवतो.

पहिलं वर्षभर मला धोटा थांबवायचा होता.
सेकंदाचा हजारावा भाग.
थांबला.
लाकूड स्पष्ट, टोकाचं लोखंड स्पष्ट,
सुताचा एकेक केस स्पष्ट,
आणि माग असा, जणू लाइट गेलेली.
मग एकदा चुकून चकती साठावरच राहिली.
धोटा पुसून गेला.
नुसती पांढुरकी रेघ, इकडून तिकडे,
आणि नरसय्याचा हात तेवढा जागच्या जागी.
घरी दाखवला. भाकरी थापता थापता
महानंदानं मान वळवली,
म्हणाली, केवढा आवाज आहे याच्यात.

त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या,
शेंगाचटणीवर तेल ओतून.

रंगाऱ्याच्या गल्लीत एक कुत्रा आहे,
सांडपाण्यात लोळतो, पाठ निळी होते.
दोन वर्षं मी त्याच्या मागावर.
परवा दिसला,
तर हिरवा.

चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री दोनला पाणी येतं.
गल्ली उठते, कुणी कुणाशी भांडत नाही,
निदान पहिली दहा मिनिटं.
घागरी, टीप, तेलाचे डबे, बाळाचा टब,
आणि खांबावरचा एकच दिवा
सतरा भांड्यांत हलत असतो.
हा फोटो माझ्याकडं नाही.
मलाही दोन ड्रम भरायचे असतात.

पोशव्वा आली भर दुपारी.
कुत्रंसुद्धा बाहेर नव्हतं, निळं ना हिरवं.
म्हणाली, मिशन म्हणतंय हा अंगठा तुझा नाही.
चाळीस वर्षं विड्या वळल्या,
रेघा गेल्या झिजून.
रेशनच्या दुकानात मीच मी नाही बे.
माझ्या हाताचा फोटो काढ, मोठा.
मावशी, फोटो तिथं चालत नाही.
नाही चालू दे. तू काढ.

खिडकीचा पडदा सारला.
चकती साठावर ठेवली, का ते विचारू नका.
हात स्थिर ठेवा, असं रोज शंभरदा म्हणणारा मी
गप्प बसलो.
ती जावयाबद्दल बोलत राहिली
आणि तिची रिकामी बोटं
आपोआप विडी वळू लागली.

तळवा स्पष्ट आला.
बोटांच्या जागी तपकिरी धुकं.
तिनं पडद्यावर बघितलं, पदरानं पुसून परत बघितलं.
माझ्या दुकानात हसायला बंदी आहे,
सरकारला हसरे चेहरे चालत नाहीत.
ती हसली, उरलेल्या तीन दातांनिशी.
हा. हे माझंच हाय.

तीस रुपये देऊ लागली. घेतले.
घेतले नसते तर रागावली असती.

संध्याकाळी दोन पासपोर्ट झाले,
एका मयताचा फोटो मोठा करून दिला,
घरच्यांनी सांगितल्याप्रमाणं शर्ट बदलून.
शटर ओढण्याआधी वहीत लिहिलं :
पोशव्वा येमुल, दुपार, खिडकी, साठ.
आणि खाली, विसरायला नको म्हणून,
उद्या पाणी.