भाषेचा रकाना

नोव्हेंबरात कुह्मोला तीन वाजताच अंधार पडतो.
बालवाडीच्या तळघरात मी दिवा लावतो,
नऊ मुलं खाली येतात, लोकरी मोजे फरफटत,
शेंबडी नाकं,
आणि भिंतीवर नऊ हातोड्या, त्यांच्या मुठींच्या मापाच्या.
चाळीस वर्षं मी होड्या बांधल्या.
मुलांशी काय बोलायचं, मला येत नाही.
लाकडाला येतं.

परवा ओइवाने फळी कापली, दोन बोटं आखूड.
माझ्याकडे आणून म्हणाला, लांब कर.
म्हटलं, ओढून बघ.
त्याने खरंच ओढली. दातांत धरूनसुद्धा.
मग बराच वेळ पट्टीकडे बघत बसला,
जणू तिने हे त्याला आधीच सांगितलं होतं
आणि याचंच लक्ष नव्हतं.

गाठ लागली की करवत अडते.
रडून सुटत नाही, जोर लावून तर नाहीच.
हात हलका करावा लागतो.
हे मी सांगत नाही. गाठ सांगते,
आणि तिला घाई नसते.

हेल्का पाच वर्षांची. कुणाशी बोलत नाही.
वर वर्गात तिच्या नावापुढे पुष्कळ फुल्या आहेत.
इथे तिने पाइनची फळी गालावरून फिरवली,
एकदा सुलटी, एकदा उलटी,
आणि रंधा कुठल्या टोकाकडून चालवायचा
ते मला बोटाने दाखवलं.
बरोबर होतं.
तेवढं कळायला मला बापाच्या दोन थपडा लागल्या होत्या.

आज त्यूनेबाईंनी कागद पाठवलाय.
रकाने: मोजमाप. एकाग्रता. सहकार्य. भाषा.
कागद फार गुळगुळीत.
मूळचं हेही लाकूडच, पण विसरलंय.
पेन्सिल कानामागेच ठेवून मी बसलोय.

समोर हेल्काचा खिळा वाकला.
तिने पकड घेतली, टेबलाला पाय लावला,
उपटला, आणि मागे बसकण मारली भुशात.
उठून खिळा दगडावर ठेवला. ठोकला.
डोळ्यांशी धरून पाहिला.
जरासा वळवून पुन्हा ठोकला.
नवे खिळे डबाभर होते, हाताशीच.
कुणी सांगितलं नव्हतं तिला.
खिळा आता साधारण सरळ आहे,
पहिल्यासारखा नाही, चालेल इतका.

भाषेच्या रकान्यात मी लिहिलं:
ठक्.
थांबली, पाहिलं.
ठक्.